दोर कोणीं तपासावा?

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद, या शहराच्या आसमंतांत बांधकामाच्या दोन अगदीं भिन्न तऱ्हा पाहावयास मिळतात. पहिली वेरूळच्या कैलास लेण्याची. इसवी सनाच्या आठव्या शतकांत, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या कारकीर्दींत हें लेणें मुख्यतः घडलें असें विद्वान् मानतात. त्यासंबंधीं मराठींत एक आख्यायिका आहे. शिखर दृष्टीस पडेपर्यंत अन्न घेणार नाहीं असा नेम राणीनें केला, आणि पैठणच्या कोकस नांवाच्या कारागिरानें शिखरापासून खालीं देऊळ कोरण्याची युक्ति काढून तिचा नेम थोडक्या दिवसांत फेडला. आख्यायिका आख्यायिकेच्या जागीं असो. देऊळ वरून खालीं कोरीत आणलें, हें मात्र खरें आहे. त्यामुळें एवढ्या उंच शिखराचा एकही दगड कोणास दोरानें वर चढवावा लागला नाहीं.

दुसरी तऱ्हा बिबी-का-मकबऱ्याची. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम हिची ही कबर सतराव्या शतकाच्या मध्यांत बांधली गेली. तिचा घुमट संगमरवराचा आहे आणि तो संगमरवर दूर राजपुतान्यांतून आणावा लागला. फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए यानें वाटेंत संगमरवराच्या सुमारें ३०० गाड्या पाहिल्याचें लिहून ठेविलें आहे. त्यांतील लहानांत लहान गाडीसही १२ बैल जुंपलेले होते, असें तो म्हणतो. हा सर्व दगड गाड्यांतून उतरवून वर न्यावयाचा होता. मकबऱ्यास ६ लक्ष ६८ हजार २०३ रुपये ७ आणे खर्च आला, असें एका जुन्या तवारिखेंत नमूद आहे. अताउल्ला आणि हंसपतराय हीं स्थपति व अभियंता यांचीं नांवें तेथील दरवाजावर कोरलेलीं आहेत. खर्च आण्यापर्यंत कळतो, बांधणारांचीं नांवें कळतात. परंतु दगड वर जात असतां ज्या दोरावर तो लटकत होता, तो दोर सकाळीं कोण पाहून घेई, हें ना त्या हिशेबांत आहे ना त्या दरवाजावर. आजच्या भाषणांत याच एका प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा आहे. ओझें उचलणारें यंत्र तपासण्याचें कर्तव्य कोणाचें, हा तो प्रश्न. आणि त्याचें उत्तर शोधण्यास आपल्या कायद्यांस किती काळ लागला, हा त्याचा इतिहास.

आपल्याकडील खेड्यांत हें उत्तर एके काळीं कोणास शोधावें लागत नव्हतें. विहिरीवर मोट चालत होती तेव्हां तिचा जाड नाडा आणि बारीक सोंदूर हीं दोन्ही शेतकऱ्याच्या डोळ्यांखालीं असत. नाडा कोठें झिजला, कोणता पीळ सुटला, चाकाची कणी कितपत खाल्ली गेली, हें तो दररोज पाही. नाडा तुटला तर बैल धावेवर कोसळणार, मोट विहिरींत जाणार आणि पाण्यावांचून पीक वाळणार, हें सर्व त्याचेंच नुकसान होतें. यंत्राचा मालक तो, चालविणारा तो आणि अपघाताचा धनीही तोच. जेथें या तीन भूमिका एकाच माणसाकडे असतात, तेथें तपासणीसाठीं वेगळा कायदा लागत नाहीं. स्वतःचें हितच तें काम करून घेतें.

आजच्या मोठ्या बांधकामाकडे पाहिलें म्हणजे या तीन भूमिका किती दूर गेल्या आहेत तें ध्यानांत येतें. दहा मजल्यांच्या इमारतीशेजारीं उभी असलेली यारी, जिला आतां सर्वजण क्रेन म्हणतात, ती बहुधा भाड्यानें आणलेली असते. तिचा मालक एक. ती भाड्यानें घेणारा ठेकेदार दुसरा. प्रत्यक्ष काम करणारा पोटठेकेदार तिसरा. ती चालविणारा मालकाचा नोकर, खालून खुणा करणारा ठेकेदाराचा माणूस, आणि जिच्या डोक्यावरून सळयांचा भारा जातो ती मजूरबाई मुकादमानें गांवाहून आणलेली. ज्याचें यंत्र आहे तो जागेवर नाहीं, ज्याची घाई आहे त्याचें यंत्र नाहीं, आणि जिचा जीव धोक्यांत आहे तिला यांपैकीं कोणासही विचारण्याचा धीर नाहीं. अशा स्थितींत दोर पाहण्याचें काम प्रत्येकास दुसऱ्याचें वाटतें. म्हणून मालक, ठेकेदार आणि मजूर यांहून वेगळा असा एक चौथा माणूस लागतो, आणि त्यास कायद्यानें नेमावें लागतें.

यंत्रशास्त्रानें या चौथ्या माणसाच्या कामाची वाट बरीच आधीं मोकळी करून ठेविली होती. जर्मनींतील हार्झ पर्वतांत चांदीच्या खाणी होत्या. तेथें खोल विवरांतून धातूचा दगड वर काढण्यास लोखंडी साखळ्या वापरीत. साखळीचा दोष असा कीं, तिची एक कडी तुटली म्हणजे सगळी साखळी गेली, आणि कडी बहुधा पूर्वसूचना न देतां तुटते. या अपघातांनीं त्रस्त झालेल्या विल्हेल्म आल्बर्ट नांवाच्या खाण-अधिकाऱ्यानें १८३४ सालीं क्लाउस्टाल येथें लोखंडी तारा पिळून केलेला दोर वापरण्यास आरंभ केला. तारदोराचें सामर्थ्य साखळीहून अधिक भरलें, हें तर झालेंच. परंतु त्याचा मोठा गुण असा कीं तो एकदम तुटत नाहीं. कप्पीवरून पुनःपुनः वांकून त्याच्या तारा शिणतात आणि एकएक करून तुटूं लागतात. बाहेरच्या बाजूस तुटलेल्या तारांचीं टोकें कुसळांसारखीं वर येतात. दोर अशा रीतीनें आठवडेच्या आठवडे इशारा देत असतो. तो इशारा वाचणारा कोणी असला पाहिजे, एवढेंच.

आतां आपल्या देशांतील कायद्याकडे वळूं. हिंदुस्थानांतील पहिला कारखाना-कायदा १८८१ चा. मुलांच्या कामाचे तास आणि धोक्याच्या यंत्रांभोंवतीं कुंपण, एवढ्यावर त्याचा मुख्य भर होता, आणि तो मोठ्या कारखान्यांपुरताच होता. १९२३ सालीं कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. त्याच्या यादींत इमारतीच्या कामावरील मजुरांच्या कांहीं वर्गांस स्थान मिळालें. म्हणजे वरून ओझें पडून मजूर मेला तर त्याच्या बायकामुलांस किती रुपये द्यावे, याचा हिशेब १९२३ मध्यें ठरला. तें ओझें पडूं नये म्हणून दोर कोणीं पाहावा, हें मात्र ठरलें नाहीं.

तपासणीचें पाऊल प्रथम पडलें तें बंदरांत. जहाजावरील माल उतरवितांना होणारे अपघात सर्व देशांत सारखेच असल्यामुळें जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनें १९२९ मध्यें आणि सुधारून १९३२ मध्यें गोदी-कामगारांच्या रक्षणाचा करार केला. त्याला अनुसरून १९३४ सालीं हिंदुस्थानांत गोदी-कामगारांचा कायदा मंजूर झाला. परंतु त्याचा प्रत्यक्ष अंमल सुरूं होण्यास १९४८ साल उजाडावें लागलें. इमारतींच्या बाबतींत त्याच संघटनेनें १९३७ सालीं स्वतंत्र करार केला. आज वाचला तरी तो शहाणपणाचा वाटतो. ओझें उचलणारें यंत्र कामाच्या जागीं उभारल्यावर, वापरण्यापूर्वीं, तपासावें आणि कसोटीस लावावें. जागेवर असेपर्यंत ठराविक मुदतीनें पुनः पाहावें. साखळ्या, कड्या, हूक आणि कप्प्या यांची वेळोवेळीं पाहणी व्हावी. किती वजन सुरक्षितपणें उचलतां येईल तो आंकडा यंत्रावर स्पष्ट लिहावा. आणि यंत्र योग्य शिक्षण मिळालेल्या माणसाच्याच हातीं द्यावें. पुढील सर्व नियमांचें बीज या पांच वाक्यांत आहे.

याच सुमारास मुंबई प्रांतांत एक निराळा कायदा झाला, तो १९३९ चा लिफ्टचा कायदा. मुंबईंत उंच घरें उठूं लागलीं होतीं आणि त्यांतील बिऱ्हाडें लिफ्टनें वरखालीं जाऊं लागलीं होतीं. लिफ्ट बसविण्यास सरकारची परवानगी, चालविण्यास परवाना आणि सरकारी अधिकाऱ्याकडून तपासणी, अशी व्यवस्था या कायद्यानें केली. ती योग्यच होती. तथापि या दोन सालांकडे एकत्र पाहिलें म्हणजे मन थबकतें. त्या घरांत राहणाऱ्यांस वर नेणारा दोर १९३९ मध्यें कायद्याच्या नजरेखालीं आला. तींच घरें ज्यांनीं बांधलीं, त्यांच्या डोक्यावरील दोरास त्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळ थांबावें लागलें.

स्वातंत्र्यानंतरचा १९४८ चा कारखाना-कायदा हा या इतिहासांतील मोठा टप्पा होय. त्याच्या २८ व्या कलमानें कारखान्यांतील हॉइस्ट व लिफ्ट दर सहा महिन्यांनीं, आणि २९ व्या कलमानें याऱ्या, साखळ्या व दोर दर बारा महिन्यांनीं, ‘सक्षम व्यक्तीं’कडून कसून तपासले जावेत असें ठरविलें. तपासणीची नोंदवही ठेवणें आवश्यक झालें. परंतु सक्षम व्यक्ति म्हणजे कोण, याची व्याख्या त्या कायद्यांत नव्हती. ती आली १९८७ सालच्या दुरुस्तीनें, भोपाळच्या १९८४ मधील वायुकांडानंतर तीन वर्षांनीं. पात्रता, अनुभव आणि साधनें पाहून कारखान्यांच्या मुख्य निरीक्षकानें ज्यास मान्यता दिली तोच सक्षम, असें तेव्हां निश्चित झालें. शब्द कायद्यांत येणें आणि त्याला माणसाचा चेहरा मिळणें यांत ३९ वर्षें गेलीं.

आणि हें सर्व कारखान्याच्या भिंतींच्या आंत. बांधकामाची उघडी जागा भिंतींबाहेर राहिली. याचा अर्थ आपल्या मराठवाड्याच्या उदाहरणानें नीट उमगेल. पैठणजवळील जायकवाडी धरणाची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ रोजीं लालबहादुर शास्त्री यांच्या हस्तें बसली आणि १९७६ मध्यें धरणाचें उद्घाटन झालें. सुमारें १० किलोमीटर लांबीचा बांध आणि २७ दरवाजे असलेलें हें काम दहा वर्षांहून अधिक चाललें. त्याच काळांत चिकलठाण्याची, आणि पुढें १९८० नंतरच्या दशकांत वाळूजची, औद्योगिक वसाहत वाढली. वाळूजमधील कारखाना चालूं झाला कीं त्याच्या छपराखालील यारीस २९ वें कलम लागू होई. पण तेंच छप्पर ज्या यारीनें चढविलें, तिच्या तपासणीविषयीं देशव्यापी असा स्वतंत्र कायदा नव्हता. वजन तेंच, पोलाद तेंच. भिंत आधींची कीं नंतरची, एवढ्यावर कायद्याचें लक्ष अवलंबून राहिलें.

हा भेद १९९६ सालच्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्यानें दूर केला. त्याखालीं केंद्राचे नियम १९९८ मध्यें झाले आणि महाराष्ट्राचे २००७ मध्यें. या नियमांत दोन माणसें वेगळीं ओळखलीं आहेत, आणि माझ्या मतें हीच त्यांतील सर्वांत मोलाची गोष्ट आहे. एक ‘सक्षम व्यक्ति’ : ही तपासणी-संस्थेची, मुख्य निरीक्षकानें मान्य केलेली, म्हणजे ठेकेदाराच्या घाईपासून अलग. दुसरी ‘जबाबदार व्यक्ति’ : ही मालकानेंच नेमलेली, रोज जागेवर असणारी. पहिलीनें वर्षांतून एकदां कसून तपासून दाखल्यावर सही करावयाची. दुसरीनें मधल्या दिवसांत डोळे उघडे ठेवावयाचे. मोटेवरच्या शेतकऱ्याच्या एका देहांत जे दोन गुण एकत्र होते, त्यांची ही वांटणी आहे असें म्हणतां येईल.

कसोटीचे नियमही समजण्यास सोपे आहेत. यंत्रावर लिहिलेलें सुरक्षित वजन २० टनांपर्यंत असेल तर कसोटीच्या वेळीं सव्वापट वजन उचलून पाहावयाचें. म्हणजे ८ टनांच्या यारीस १० टन. २० ते ५० टनांपर्यंत ५ टन अधिक, आणि ५० च्या पुढें शेंकडा १० अधिक. तारदोर दर तीन महिन्यांनीं पाहावयाचा. परंतु त्याची एक तार जरी तुटली तरी त्यानंतर दर महिन्यास पाहावयाचा. दोराच्या जाडीच्या आठपट लांबींत दिसणाऱ्या तुटक्या तारा एकूण तारांच्या शेंकडा १० हून अधिक भरल्या तर तो दोर बाद. उदाहरणार्थ, ११४ तारांचा १६ मिलिमीटर जाडीचा दोर घ्या. त्याच्या सुमारें पांच इंच लांबींत १२ तुटक्या तारा मोजल्या गेल्या कीं त्यानें यापुढें माणसांच्या डोक्यावर जाऊं नये. आल्बर्टनें ज्या दोराला इशारा देण्याची वाचा दिली, त्याची भाषा या नियमांनीं आंकड्यांत लिहून काढली. एवढी मोजणी करण्यास एक फडकें, एक मोजपट्टी आणि अर्धा तास पुरतो.

मात्र दाखला मिळाला म्हणजे चिंता मिटली असें समजणें घातक आहे. कारखान्यांतील यारी एकदां बसविली कीं वर्षानुवर्षें त्याच रुळांवर चालते. बांधकामावरील यारी आज येथें, उद्यां तेथें; ती दर वेळीं नव्यानें जोडली जाते आणि नव्या जमिनीवर उभी राहते. मराठवाड्याच्या काळ्या मातीवर उन्हाळ्यांत जो पाया दगडासारखा भासतो, तोच पहिल्या पावसांत लोण्यासारखा होतो. दुसरें असें कीं यारीचा हात जितका लांबवावा तितकी तिची शक्ति घटते. जवळचें जड ओझें जी सहज उचलते, ती दूरचें हलकें ओझें उचलतांना उलटते. हें गणित कोष्टकांत लिहून यंत्राबरोबर दिलेलें असतें. तें चालकाच्या खोलींत चिकटलेलें असावें लागतें आणि त्यास तें वाचतांही यावें लागतें. तिसरी गोष्ट वाऱ्याची. ११ सप्टेंबर २०१५ रोजीं मक्केंत वादळी वाऱ्यानें एक प्रचंड यारी मशिदीवर कोसळली आणि १०० हून अधिक माणसें मृत्यु पावलीं. त्या वेळीं ती ओझेंही उचलीत नव्हती. १ ऑगस्ट २०२० रोजीं विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्यांत एका यारीची चाचणी चालूं असतांच ती पडून ११ जण ठार झाले. तेव्हां कसोटीच्या वेळीं खालीं अनावश्यक एकही मनुष्य नसावा, हा नियमही तपासणीचाच भाग आहे.

आणि आपल्या महाराष्ट्रांतील घटना तर अजून ताजी आहे. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग या शहराजवळून जातो. त्याच्या पश्चिम टोकाकडे, ठाणें जिल्ह्यांतील शहापूर तालुक्यांत, सरलांबे येथें पुलाचें काम चाललें होतें. ३१ जुलै आणि १ ऑगस्ट २०२३ यांमधील रात्रीं, पुलाच्या खांबांवर बसून जड तुळया जागीं सरकविणारें अवजड यंत्र तुळईसकट खालीं आलें आणि २० माणसें दगावलीं. मृतांत परप्रांतांतून पोटासाठीं आलेलेही होते. महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. आज संभाजीनगरची कुटुंबें त्या रस्त्यानें कांहीं तासांत मुंबईच्या वेशीपर्यंत पोंचतात. त्या पुलावरून जातांना या २० जणांची आठवण ठेवणें एवढें तरी आपलें देणें आहे.

कायद्याची वाटचाल अजून संपलेली नाहीं. १९४८ चा कारखाना-कायदा आणि १९९६ चा बांधकाम-कामगार कायदा हे दोन्ही २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिति संहितेंत सामावले गेले, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत आली. कारखान्याची भिंत आणि बांधकामाची उघडी जागा यांमधील जुना भेद निदान एका ग्रंथापुरता मिटला, ही समाधानाची बाब आहे. तथापि लहान कामें अशा कायद्यांच्या कक्षेबाहेर राहत आलीं आहेत, हेंही विसरूं नये. १९९६ च्या कायद्यास १० मजुरांची मर्यादा होती. १० लाखांपर्यंतच्या खर्चाचें स्वतःचें राहतें घर त्यांतून वगळलें होतें. गल्लींतल्या एका घरावर मजला चढत असतो. कांक्रीट वर नेण्यासाठीं मिक्सरशेजारीं एक लहानशी लिफ्ट उभी असते, आणि शाळेचीं मुलें तिच्याखालून ये-जा करीत असतात. तेथें निरीक्षक येण्याचा संभव थोडाच.

म्हणूनच हा विषय केवळ अभियंत्यांचा नव्हे. आपण सोसायटीच्या सभेंत लिफ्टच्या तपासणीचा दाखला मागतों. न मिळाल्यास चिटणिसास धारेवर धरतों. मग आपल्याच इमारतीची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी ठेकेदारास देतांना तीन प्रश्न विचारण्यास काय हरकत आहे? यारीच्या वा लिफ्टच्या तपासणीचा दाखला कोणत्या तारखेचा, आणि त्यावर सही कोणाची? दोर व हूक रोज पाहणारा माणूस कोण, त्याचें नांव काय? आणि ओझें वर जात असतां खालची जागा मोकळी ठेवण्याची व्यवस्था कोणती? करारपत्रांत हीं तीन वाक्यें घालण्यास खर्च कांहींच नाहीं. ठेकेदारही बहुधा वाईट नसतो. काम मुदतींत पुरें करण्याच्या चिंतेंत तो असतो, आणि जें कोणी विचारीत नाहीं तें त्याच्या ध्यानांतून सुटतें.

या तीन प्रश्नांपैकीं नांवाचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मकबऱ्याच्या दरवाजावर बांधणारांचीं नांवें आहेत, कारण काम सुंदर झालें तर त्याचें श्रेय कोणाचें हें जगास कळावें अशी इच्छा होती. यारीच्या दाखल्यावरचें नांव मात्र कोणी कोरून ठेवीत नाहीं. परंतु ज्या दिवशीं तो दाखला खरा असतो, दोर प्रत्यक्ष पाहून, तारा मोजून दिलेला असतो, त्या दिवशीं संध्याकाळीं सर्व मजूर आपापल्या झोंपडींत परत येतात. आपल्या घराच्या कामावर असें एक नांव कागदावर लिहून घेणें आपल्या हातांत आहे. तें आपण अवश्य करावें, एवढीच या निमित्तानें विनंती.